छळ, यातना आणि कायदा : एका शब्दाचा अर्थ व वापर

(पोलीस ठाण्यांतील लेखनिक व शासकीय कार्यालयांतील अनुवादक यांच्या उजळणी वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीतील ‘टॉर्चर’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारल्यास बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता ‘छळ’ असे सांगतील. उत्तर चुकीचे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. वर्तमानपत्राचे एखादे पान चाळले तरी याची प्रचीती येते. विवाहितेचा सासरी छळ होतो, महिला कर्मचाऱ्याचा कार्यालयात लैंगिक छळ होतो, कर्जवसुलीसाठी शेतकऱ्याचा छळ होतो आणि कोठडीत आरोपीचाही छळच होतो. इतकेच नव्हे, तर स्वयंपाकघरात कामाच्या घाईत असलेली आई पदराला झोंबणाऱ्या मुलाला ‘छळू नकोस रे’ असे म्हणते, तेव्हाही शब्द तोच असतो.

बोलण्यात याने काही बिघडत नाही. संदर्भ, स्वर आणि प्रसंग यांवरून ऐकणारा अर्थ ओळखतो. परंतु हाच शब्द जेव्हा जबाबात, फिर्यादीत, वैद्यकीय टिपणीत किंवा शासकीय अनुवादात उतरतो, तेव्हा स्वर व प्रसंग मागे राहतात आणि कागदावर केवळ दोन अक्षरे उरतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र उपद्रव, क्रूर वागणूक, लैंगिक छळ आणि कबुलीजबाबासाठी दिलेल्या यातना या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची कलमे वेगळी आहेत, त्यांच्या शिक्षा वेगळ्या आहेत आणि त्यांचा पुरावाही वेगळ्या प्रकारचा आहे. म्हणूनच या शब्दाचा विचार केवळ कोशकारांवर सोपवून चालणार नाही. ज्यांच्या लेखणीतून तो रोज उतरतो त्यांनीही तो करावयास हवा.

शब्दांची मुळे

‘टॉर्चर’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथील मूळ धातूचा अर्थ पिळणे, मुरगाळणे असा आहे. गोमंतकातील जुन्या पिढीच्या कानांवरून गेलेले पोर्तुगीज भाषेतील ‘तोर्तुरा’ आणि ‘तोर्मेंतु’ हे शब्दही याच कुळातील होत. शरीर पिळून काढावयाचे आणि त्यातून शब्द गाळून घ्यावयाचा, ही कल्पना त्या शब्दाच्या मुळातच बसलेली आहे.

मराठीचे शब्दभांडार या बाबतीत दरिद्री नाही. किंबहुना या एका अनुभवासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितक्या त्याच्या बाजू आहेत. ‘पीडा’ हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थ दाबणे, चेपणे असा आहे. उसाचे पिळणे आणि धुतलेल्या वस्त्राचे पिळणे यांतील ‘पिळणे’ हे मराठी क्रियापदही त्याच धातूचे वंशज होय. म्हणजे लॅटिन भाषेने जी प्रतिमा योजली, तिच्याशी अगदी मिळतीजुळती प्रतिमा या मातीतही स्वतंत्रपणे रुजलेली होती.

‘यातना’ या शब्दाची कथा निराळी आहे. त्याच्या मुळाशी परतफेड करणे, केल्याचे फळ देणे हा अर्थ आहे. त्यामुळेच पुराणांत हा शब्द यमलोकाशी जोडला गेला आणि मराठीत ‘यमयातना’ हा शब्द रूढ झाला. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांचे वर्णन आहे; तेथे प्रत्येक पापाला त्याच्या जोडीची यातना नेमून दिलेली आहे. यातनेच्या मुळाशी असलेल्या या कल्पनेचा एक धोका आहे. ज्याला यातना होत आहेत त्याने काहीतरी केलेच असले पाहिजे, अशी समजूत तिच्यातून नकळत निर्माण होते. कोठडीतील मारहाणीविषयी कानांवर पडणारे ‘काही केल्याशिवाय का मारले असेल?’ हे उद्गार त्या जुन्या समजुतीचेच प्रतिध्वनी होत.

‘त्रास’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ भय असा आहे. मराठीत तो उपद्रव या अर्थाने स्थिरावला. ‘हाल’ हा शब्द अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ केवळ स्थिती असा होता. मराठीत मात्र स्थिती वाईटच असावयाची असे जणू गृहीत धरून ‘हाल झाले’, ‘हालहाल करून मारले’ असे प्रयोग रूढ झाले. ‘जाच’ हा शब्द दीर्घकाळ चालणाऱ्या, रोजच्या आणि पुराव्यात पकडावयास कठीण अशा दुःखाचा वाचक आहे. सासरच्या जाचाविषयी स्त्रियांनी जात्यावर जे गायिले, त्यात एकेका दिवसाचा घाव लहान असतो, पण दिवस संपत नाहीत.

‘यंत्रणा’ या शब्दाचा प्रवास तर शासकीय सेवकांनी अवश्य ध्यानी घ्यावा असा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ बंधन, नियमन आणि त्यातून होणारा क्लेश असा होता. बंगालीत आजही ‘यंत्रणा’ म्हणजे असह्य वेदना. मराठीत मात्र ‘शासकीय यंत्रणा’, ‘तपास यंत्रणा’ असे शब्द निःशंकपणे वापरले जातात. एकाच शब्दाने एका प्रांतात व्यवस्था आणि दुसऱ्या प्रांतात वेदना दर्शवावी, हा भाषेचा योगायोग खरा. परंतु विचार करावयास लावणारा योगायोग आहे.

‘छळ’ शब्दाचे अर्थांतर

आता मूळ शब्दाकडे वळणे योग्य होईल. संस्कृतातील ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ मानले त्यांतही ‘छल’ आहे. प्रतिपक्षाच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेऊन त्याला कोंडीत पकडणे असे त्याचे स्वरूप तेथे सांगितले आहे. हिंदीत हा शब्द अद्यापही कपट याच अर्थाने नांदतो. त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांत एकच शब्द बाजारात एका अर्थाने आणि घरात दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. अशा ठिकाणच्या अनुवादकाने या शब्दापाशी विशेष सावध राहिले पाहिजे.

कपटाचा वाचक असलेला शब्द मराठीत पीडेचा वाचक कसा झाला? याचा एक दुवा कथापुराणांत सापडतो असे मानण्यास जागा आहे. देव किंवा ऋषी वेष पालटून येतो आणि भक्ताची सत्त्वपरीक्षा पाहतो, अशा कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या गेल्या. विश्वामित्राने हरिश्चंद्राचा छळ केला. शंकर अतिथीच्या रूपाने श्रियाळ-चांगुणेचे सत्त्व छळावयास आला. या प्रसंगांत कपट आहे, पण ज्याची परीक्षा चालली आहे त्याच्या वाट्याला अपार दुःखही आहे. राज्य जाते, स्त्री-पुत्रांचा वियोग होतो, पोटच्या मुलाचा बळी मागितला जातो. ऐकणाऱ्यांच्या मनात कपटापेक्षा दुःखाचाच ठसा अधिक खोल उमटला असावा आणि शब्दाचा अर्थ हळूहळू तिकडे सरकला असावा. पुढे संतांच्या चरित्रांत ‘छळ’ हा शब्द याच नव्या अर्थाने आला.

या सर्व शब्दांची मुळे एकत्र ठेवून पाहिली असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. कपट, भय, दाब, बंधन आणि परतफेडीची भावना हे घटक वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतले आहेत. कोठडीतील यातनांत यांपैकी बहुतेक घटक एकत्र आलेले असतात.

कौटिल्याची सावधगिरी

भारतीय परंपरेत यातनांचा राज्यकारभाराच्या अंगाने केलेला विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळतो. त्याच्या ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणात संशयिताची चौकशी कशी करावी याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे शारीरिक यातनांना जो शब्द योजला आहे तो ‘कर्म’ असा अगदी साधा, कोरडा शब्द आहे. कौटिल्याने त्या प्रकारांची मोजदाद करून ते अठरा सांगितले. आजच्या वाचकास ही यादी अस्वस्थ करते, आणि ते योग्यच आहे.

तथापि त्याच प्रकरणात त्याने घातलेल्या मर्यादाही पाहण्यासारख्या आहेत. ज्याच्या अपराधाविषयी सबळ संशय आहे त्याच्याच बाबतीत हा मार्ग अवलंबावा. बालक, वृद्ध, रोगी, उन्मत्त, भुकेने वा तहानेने व्याकुळ झालेला मनुष्य आणि गर्भवती स्त्री यांना त्यातून वगळावे, असे तो सांगतो. याहून महत्त्वाचा असा त्याचा इशारा आहे. चोर नसलेला मनुष्यही केवळ यातनांच्या भयाने ‘मीच चोर’ असे म्हणतो, हे सांगण्यासाठी तो अणिमांडव्य ऋषीचा दाखला देतो. महाभारताच्या आदिपर्वातील कथेत चोरांनी आपली लूट मांडव्याच्या आश्रमात लपविली, मौनव्रती ऋषी काही बोलला नाही आणि राजाच्या सेवकांनी त्याला सुळावर चढविले. कौटिल्याच्या दाखल्यातील मांडव्य भयाने बोलतो, महाभारतातील मांडव्य बोलतच नाही. दोन्ही ठिकाणी निरपराध मनुष्यच सुळाच्या वाटेला लागतो. बोलणे किंवा न बोलणे यांवरून सत्य ठरत नाही, हे यातून स्पष्ट होते.

अधिकाऱ्यांनाही कौटिल्याने मोकळे सोडलेले नाही. कोंडलेल्या माणसाचे अन्नपाणी तोडणाऱ्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्यास शहाण्णव पण दंड आणि त्यास ठार मारणाऱ्यास एक हजार पण दंड त्याने सांगितला आहे. जी व्यवस्था यातनांना मान्यता देत होती, तिलाही त्यांचा गैरवापर होणार हे पक्के ठाऊक होते.

गोमंतकाचा अनुभव

गोमंतकाच्या इतिहासात या शब्दाला एका वास्तूचे रूप मिळाले होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मसमीक्षण न्यायसभेची स्थापना झाली. १७७४ साली ती बंद करण्यात आली, १७७८ साली पुन्हा सुरू झाली आणि १८१२ साली कायमची संपुष्टात आली. जुन्या गोव्यातील ज्या वाड्यात तिचे काम चाले त्याला लोक ‘व्हडले घर’ म्हणजे मोठे घर म्हणत. ज्याचे खरे नाव उच्चारावयास मन धजत नाही त्याला साधे, घरगुती नाव द्यावयाचे, ही लोकभाषेची रीत येथेही दिसते.

या तुरुंगात राहून आलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याचा वृत्तांत १६८७ साली प्रसिद्ध झाला. १६७३ साली त्याला दमण येथे अटक झाली, पुढे त्याला गोव्यास आणण्यात आले आणि १६७६ साली त्याला शिक्षा सुनावण्यात आली. सकाळच्या वेळी कोठडीत ऐकू येणाऱ्या, यातना भोगणाऱ्यांच्या किंकाळ्यांची नोंद त्याने केली आहे. सुटलेल्या बंद्यांकडून तेथील हकीकत बाहेर न सांगण्याची शपथ घेतली जाई. ती मोडून त्याने लेखणी उचलली म्हणूनच पुढील पिढ्यांना ही हकीकत कळली. गोमंतकाचे सुपुत्र आणि मराठीचे व्यासंगी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथात या विषयाची साधार मांडणी केली.

त्याच वर्षी, १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वीच्या लढ्यात पोर्तुगीज पोलिसांच्या हातून ज्यांना मरण आले त्यांत अस्नोड्याचे बाळा राया मापारी यांचे नाव अग्रभागी आहे. १९५५ साली कोठडीतील अनन्वित यातनांनी त्यांचा अंत झाला. गोवा मुक्तिसंग्रामाचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. आग्वादच्या ज्या कारागृहात अनेक स्वातंत्र्यसैनिक बंदिवासात होते, तेथे २०२१ साली संग्रहालय खुले झाले. तेथे येणाऱ्या शाळकरी मुलांना ‘छळ’ या शब्दाचा अर्थ कोशाविना कळतो.

१८५५ चा अहवाल आणि दंड संहिता

ब्रिटिश अमदानीतील एक प्रकरण या विषयात मूलभूत आहे. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि पोलीस तपासात रयतेला यातना दिल्या जातात, असा आरोप १८५४ साली ब्रिटिश संसदेत झाला. त्यावरून चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला आणि त्याचा अहवाल १८५५ साली सादर झाला. आरोप खरे असल्याचा निर्वाळा त्या अहवालाने दिला. उन्हात उभे करणे, शरीर वाकवून बांधून ठेवणे, बोटे चिमट्यात दाबणे असे प्रकार त्यात नमूद झाले. सारा वसूल करणारा आणि पोलिसाचा अधिकार चालविणारा सेवक एकच असणे, हे यामागील एक मोठे कारण होते.

या अहवालानंतर पाच वर्षांनी, १८६० साली, भारतीय दंड संहिता संमत झाली. तिच्या ३३० व्या कलमान्वये कबुलीजबाब वा माहिती काढून घेण्यासाठी अथवा मालमत्ता परत मिळविण्यासाठी दुखापत करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध ठरला. ३३१ व्या कलमान्वये जबर दुखापतीसाठी ही मुदत दहा वर्षांपर्यंत ठेवण्यात आली. कलमाखालील दृष्टांतांत कबुलीसाठी यातना देणारा पोलीस अधिकारी आहे, तसाच साऱ्याच्या थकबाकीसाठी यातना देणारा महसूल अधिकारीही आहे. ‘यातना देणे’ हे शब्द या दृष्टांतांतच आले. त्यांची व्याख्या मात्र संहितेने केली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद १२० व्या कलमात आहे.

१८७२ च्या पुरावा अधिनियमाने दुसरी बाजू सांभाळली. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरावयाची नाही, असा नियम त्याने घातला. तो नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात कायम आहे. यातनांनी मिळविलेल्या शब्दाला न्यायालयात किंमतच नसेल तर यातनांचे कारणच उरणार नाही, हा त्यामागील विचार होता. परंतु कबुलीतून हाती लागलेल्या वस्तूपुरता कबुलीचा भाग सिद्ध करण्याची मुभा कायद्याने ठेवली आणि या फटीतून जुनी सवय टिकून राहिली.

जागतिक व्याख्या आणि भारत

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पाचव्या अनुच्छेदाने कोणालाही यातना देण्यास मनाई केली. व्याख्या मात्र पुढे आली. १० डिसेंबर १९८४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेला यातनाविरोधी करार २६ जून १९८७ रोजी अमलात आला. म्हणूनच २६ जून हा दिवस यातनापीडितांच्या पाठीशी उभे राहण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

या करारातील व्याख्येचे चार घटक आहेत. पहिला, शारीरिक वा मानसिक अशी तीव्र वेदना. दुसरा, ती बुद्धिपुरस्सर दिलेली असणे. तिसरा, तिच्यामागे माहिती किंवा कबुली मिळविणे, शिक्षा करणे, धाक घालणे, सक्ती करणे किंवा भेदभाव यांसारखा हेतू असणे. आणि चौथा, ती शासकीय अधिकाराने वागणाऱ्या व्यक्तीने, अथवा तिच्या संमतीने वा मूक संमतीने दिलेली असणे. कायदेशीर शिक्षेतून ओघाने येणारे दुःख यात मोडत नाही. हा चौथा घटक लक्षात घेतला म्हणजे ‘छळ’ या शब्दाची अडचण स्पष्ट होते. सासरी होणाऱ्या क्रूर वागणुकीसाठी १९८३ साली ४९८-अ हे कलम आले. आज ते न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. तेथे ‘छळ’ करणारा पती किंवा त्याचे नातेवाईक असतात. २०१३ च्या अधिनियमात ‘लैंगिक छळ’ कामाच्या ठिकाणचा आहे. करारातील ‘टॉर्चर’ मात्र राज्यसत्तेचे बळ पाठीशी असलेल्या हाताने केलेले असते. या विशिष्ट अर्थासाठी ‘यातना’ किंवा ‘यातना देणे’ हा शब्द राखून ठेवणे अनुवादकांना अधिक सोयीचे ठरेल.

भारताने या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. त्याचे अनुसमर्थन मात्र झालेले नाही. २०१० साली यातना प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे सोपविले आणि त्याचा कायदा होऊ शकला नाही. विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस करून विधेयकाचा मसुदाही सादर केला. याचे परिणाम देशाबाहेरही दिसतात. पुरुलिया येथे विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील एका डॅनिश नागरिकाचे हस्तांतर डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली नाकारले, ते भारतात त्यास यातना होण्याचा धोका आहे या कारणास्तव.

कायद्यात व्याख्या नसली तरी न्यायालये स्वस्थ बसली नाहीत. यातनांपासून संरक्षण हे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली सांगितले. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात, यातनांची व्याख्या संविधानात वा दंडविषयक कायद्यांत नाही याची नोंद घेऊनच न्यायालयाने अटकेसंबंधीचे अकरा निर्देश दिले. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांस सूचना, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे त्यांतील प्रमुख होत. २०१० साली नार्को चाचणी सक्तीने करता येणार नाही असा निर्णय झाला. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. या साऱ्या उपायांचे सूत्र एकच आहे : जे बंद दाराआड घडते त्याची नोंद झाली पाहिजे.

शब्दांची सोंगे

यातना देणारी सत्ता प्रथम शब्द बदलते. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली स्थानबद्धांवर पाच प्रकार योजले गेले : भिंतीशी अवघडून उभे करणे, डोक्यावर टोपडे चढविणे, कर्कश आवाज ऐकविणे, झोपू न देणे आणि अन्नपाणी तोडणे. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७६ साली त्यांना यातना म्हटले. युरोपीय न्यायालयाने मात्र १९७८ साली त्यांना अमानुष व मानहानिकारक वागणूक ठरवूनही ‘यातना’ हा शब्द नाकारला. २००२ साली अमेरिकेच्या न्याय खात्यातील एका टिपणीने, एखादे इंद्रिय निकामी होण्याइतकी वेदना असेल तरच तिला यातना म्हणावे, असा अर्थ लावला. ती टिपणी २००४ साली मागे घेण्यात आली. परंतु दरम्यान ‘चौकशीच्या वर्धित पद्धती’ अशा सौम्य नावाखाली बरेच काही घडून गेले होते.

मराठीतील सोंगे अधिक ओळखीची आहेत. ‘पोलिसी खाक्या दाखविताच आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य वृत्तपत्रांत इतके रुळले आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावर अडखळत नाही. ‘पाहुणचार केला’, ‘प्रसाद दिला’, ‘बोलते केले’, ‘पोपटासारखा बोलू लागला’ हे त्याचेच भाऊबंद. ‘थर्ड डिग्री’ तर शाळेच्या परीक्षेइतकी सहज उच्चारली जाते. या वाक्यांतील विनोद बाजूला सारला तर काय उरते? सात वर्षांच्या शिक्षेस पात्र असा अपराध घडल्याचे वृत्त उरते. ते देणाऱ्याला व वाचणाऱ्याला आपण एका अपराधाविषयी बोलत आहोत याची जाणीव नसते.

याच्या उलट टोकाला अतिवापर आहे. कंटाळवाणा चित्रपट, लांबलेली सभा किंवा उकाडा यांनाही तरुण पिढी ‘टॉर्चर’ म्हणते. भाषेत अतिशयोक्तीला स्थान असावयाचेच. परंतु जो शब्द प्रत्येक गैरसोयीसाठी खर्च होतो, तो खऱ्या प्रसंगी तोकडा पडतो.

लेखनिकाच्या हाती

येथवरच्या विवेचनाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एक साधे उदाहरण घेता येईल. ‘कोठडीत मला मारले’ असे एखाद्याने सांगितले आणि तेवढेच लिहिले गेले, तर तो साध्या दुखापतीचा आरोप होतो. त्याने सांगितले असेल, ‘मोटारसायकल कुठे आहे ते सांग म्हणून मला मारले’, तर आरोपाचे स्वरूप पालटते आणि १२० वे कलम लागू होते. दोन वाक्यांत फरक आहे तो ‘म्हणून’ने जोडलेल्या उपवाक्याचा. कायद्याला जो हेतू हवा असतो तो मराठीत बहुधा याच लहानशा शब्दाच्या आधाराने उभा असतो. ‘माहेरून पैसे आण म्हणून उपाशी ठेवले’ या वाक्यातही तेच आहे. घाईत, कागद वाचविण्यासाठी किंवा वाक्य सुबक व्हावे म्हणून हे उपवाक्य गाळले जाते आणि ‘फिर्यादीचा छळ करण्यात आला’ असे गुळगुळीत वाक्य तयार होते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते; परंतु त्यात कोणी, केव्हा, कशाने आणि कशासाठी यांपैकी एकाचेही उत्तर नसते.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘आरोपीस दुखापत झाली’, ‘मारहाणीचा प्रकार घडला’ अशा वाक्यांतून कर्ता नाहीसा होतो. दुखापत जणू पावसासारखी आपोआप झाली असे वाटू लागते. सांगणाऱ्याने ज्याचे नाव घेतले, किंवा नाव ठाऊक नसल्यास ज्याचे वर्णन केले, तो कर्ता वाक्यात राहिलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांची. स्त्री ‘जाच’ म्हणाली असेल तर ‘जाच’ लिहावे, ‘हाल’ म्हणाली असेल तर ‘हाल’ लिहावे आणि त्यापुढे तो जाच म्हणजे नेमके काय, ते तिच्याच शब्दांत उतरवावे. कोकणी, कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्याचा जबाब मराठीत घेताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. हिंदी भाषक ‘छल किया’ म्हणाला आणि मराठीत ‘छळ केला’ असे उतरले, तर फसवणुकीची फिर्याद मारहाणीची होऊन बसेल. कोणते कलम लागू होते हे पुढे अधिकारी व न्यायालय ठरवील. ते ठरविण्याजोगा मजकूर कागदावर आणणे हे लेखनिकाचे काम होय.

आणि शेवटची गोष्ट मौनाची. सगळेच यातनापीडित बोलत नाहीत. काहींना पुन्हा त्याच ठाण्यात जावयाचे असते, काहींना लाज वाटते, काहींना आपल्या दुःखासाठी शब्द सापडत नाही. ‘कोणतीही तक्रार नाही’ हे छापील वाक्य अशा वेळी फार सोयीचे असते. ते लिहिण्यापूर्वी समोरच्या माणसाला बसावयास सांगून, त्याला समजेल अशा भाषेत, एकदा नीट विचारणे एवढेच पुष्कळदा पुरते. अणिमांडव्याला कोणी असे विचारले नाही. त्याच्या मौनाची नोंद कबुली म्हणून झाली आणि सुळाची तयारी झाली.

शब्दकोशात ‘छळ’ या नोंदीपुढे दोन-चार प्रतिशब्द असतात. ठाण्यातील नोंदवहीत त्याच शब्दापुढे एका माणसाचे नाव असते. तेथे तो शब्द नेमका लिहिला जावा, एवढीच या विवेचनाची अपेक्षा आहे.